रेझिन कालवण्याआधी

डॅशबोर्ड घरीच करायचा हे तू ठरवलंच आहेस, तर पहिली गोष्ट सांगतो: रेझिनचा डबा एवढ्यात आणू नकोस. डबा घरात आला की हात शिवशिवायला लागतात. मग राहिलेलं माप, राहिलेलं घासकाम, राहिलेला विचार, सगळं ‘पुढचं पुढं बघू’ म्हणून मागं पडतं. बिडाचं कास्टिंग बिघडलं तर तुकडे करून पुन्हा भट्टीत टाकता येतं. गोठलेलं रेझिन मात्र काही केल्या परत पातळ होत नाही, बिघडलेला भाग थेट कचऱ्यात जातो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी उमर पॅटर्न करण्यात गेली, शेवटची काही वर्षं फायबरच्या साच्यांत. त्या जोरावर सांगतो, या कामाचा मोठा वाटा रेझिन कालवण्याआधीच संपलेला असायला हवा.

तुझी गाडी जुनी मारुती ८०० आहे, म्हणून मी हो म्हटलं. तिच्यात एअरबॅग नाही. आपल्याकडं १ जुलै २०१९पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, त्यानंतर शेजारच्या सीटचीही झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग डॅशबोर्डच्या पोटातून बाहेर येते. झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटावं म्हणून तिथलं प्लॅस्टिक आतून मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं. त्यावर फायबरचा एक थर जरी चढला, तरी झाकण नीट फाटणार नाही, आणि फाटलंच तर काचतंतूंचे टोकदार तुकडे बसणाऱ्याच्या तोंडावर येतील. उद्या एखादा मित्र नवी गाडी घेऊन येईल आणि ‘माझ्याही गाडीला करून दे’ म्हणेल. त्याला सरळ नाही म्हणायचं. मैत्रीखातर सुद्धा हे करायचं नाही.

दुसरी मर्यादा लोखंडाची. डॅशबोर्डच्या मागं स्टिअरिंगचा खांब ज्या पट्ट्यांना आणि ब्रॅकेटला टांगलेला असतो, त्यांना करवत लावायची नाही. तुझा डॅशबोर्ड त्या लोखंडाला धरून राहील, ते लोखंड तुझ्या डॅशबोर्डला धरून नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये आरसीवरच्या नोंदीशी विसंगत असा फेरफार करायला मनाई आहे. तू आतला एक भाग बदलतो आहेस, तरी शंका आली तर आरटीओत आधी जाऊन विचार. काम झाल्यावर विचारण्यात काही हशील नाही.

आता मापं. जुना डॅशबोर्ड काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. प्रत्येक कनेक्टरला कागदी टेप लावून नंबर टाक, तोच नंबर वहीत लिही, मोबाइलवर फोटो काढ. वायरिंगबद्दल एवढंच सांगतो, बाकी तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

जुना डॅशबोर्ड तडकलेला असला तरी फेकायचा नाही. बोल्टाची भोकं, काचेला टेकणारी कड, हवेच्या नळ्यांची तोंडं, ही सगळी खरी मापं त्याच्यातच आहेत. पुठ्ठा आणि कागदी टेप घेऊन नवा डॅशबोर्ड आधी पुठ्ठ्याचा कर. तो गाडीत बसव, सीट तुझ्या नेहमीच्या जागी घे, पट्टा लाव आणि बस. चोकच्या खटक्यापर्यंत हात पोचतो का? गुडघा कुठं घासतो? स्टिअरिंगच्या गोलातून स्पीडोमीटर पूर्ण दिसतो का, की ६०च्या पुढचे आकडे रिममागं लपतात? तुझ्या आईलाही एकदा त्या सीटवर बसव. ती तुझ्यापेक्षा उंचीनं कमी आहे आणि गाडी तीही चालवते. पुठ्ठा कापायला काही पडत नाही, तेव्हा तीनदा बदलायला लागला तरी बदल. सिंगल डिनचा रेडिओ बसवायचा असेल तर त्याचं तोंड १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिनचं १८० बाय १००. जादा मीटर घेणार असशील तर बाजारातले बहुतेक ५२ मिलिमीटरचे असतात. तरीही मीटर आणि रेडिओ हातात आल्याशिवाय भोकाचं माप पक्कं करू नकोस. आणि काचेच्या बुडाशी हवेची जी फट आहे ती तशीच्या तशी नव्यात उतरव. आंबा घाटात पावसात काच धुरकटली की त्या फटीची किंमत कळते.

पॅटर्नवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळी कसोटी तिथं आहे. तू जो घाट घडवशील त्याच्यावर साचा निघेल आणि साच्यातून डॅशबोर्ड. पॅटर्नवरचा ओरखडा साच्यात उमटतो, साच्यातला डॅशबोर्डवर. एकच डॅशबोर्ड हवाय तर साचा कशाला, थेट फोमवर काचतंतूंची मॅट चढवून वरून घासू, असं तुला वाटेल. तशानं काम होतं, लोक करतातही. पण मग तुला काचतंतूंचा पृष्ठभाग घासून सपाट करावा लागतो आणि पुट्टीचे थर देत बसावं लागतं. शिवाय वरून चढलेल्या थरांची जाडी सगळीकडं सारखी येत नाही, म्हणून मीटरच्या भोकाभोवतालची मापं हलतात. साच्यात दिसणारी बाजू साच्याला टेकलेली असते, तिचं माप पक्कं राहतं. जाडीचा जो काय उन्नीस-बीस होईल तो मागं, जिथं कुणाची नजर जात नाही.

पॅटर्नचा सांगाडा एमडीएफचा कर, मधली पोकळी पीयू फोमनं भर. थर्माकोल वापरू नकोस. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि त्यानं थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. फोम तासून आकार आला की पॉलिएस्टर पुट्टी, मग घासकाम. घासताना पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळायचा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या दाबानं पन्हळी पडतात, त्या हाताला लागत नाहीत पण उन्हाच्या तिरप्या उजेडात लख्ख दिसतात. ८० नंबरनं सुरुवात कर, पुढं १२०, २२०, मग प्राइमर, मग पाणी लावून ४०० आणि पुढं. डोळे मिटून तळहात फिरव. उंचवटा डोळ्यांआधी हाताला कळतो. उद्यमनगरात आमचे जुने मिस्त्री लाकडी पॅटर्न असाच तपासायचे, आणि मला अजून त्याहून चांगली तपासणी सापडलेली नाही.

उभ्या बाजूंना टेपर दे. अगदी सरळ ९० अंशांची भिंत ठेवलीस तर भाग साच्यात आवळून बसतो आणि सोडवताना एकतर साचा फुटतो नाहीतर भाग. दोन-तीन अंशांचा कल पुरतो, खोल जागी जास्त दे. ग्लोव्ह बॉक्सच्या कडेला किंवा मीटरच्या छपराखाली आकार आत वळत असेल तर तो अंडरकट. तिथं साचा एकसंध करता येत नाही, दोन भागांत करून मधे फ्लँज ठेवावी लागते, म्हणजे बोल्ट काढून भाग वेगळे करता येतात.

कडांच्या गोलाईचंही इथंच ठरव. गाडीच्या आतल्या भागांसाठी युरोपात जो नियम आहे, त्यात डोकं आपटू शकेल अशा ठिकाणच्या कडेची गोलाई निदान २.५ मिलिमीटर असावी असं म्हटलंय. तू पाच-सहा धर. यात आणखी एक फायदा आहे. काचतंतूंची मॅट काटकोनात वळत नाही, कोपऱ्यात उचलली जाते आणि तिच्याखाली हवेची पोकळी राहते. अशा पोकळीवर जेलकोट, म्हणजे सगळ्यात वरचा रेझिनचा थर, अंड्याच्या कवचासारखा असतो, पहिल्या उन्हाळ्यात फुटतो. गोलाई मोठी ठेवलीस तर मॅट निमूट वळते आणि डोकंही वाचतं.

शेवटचा प्राइमर मारल्यावर पॅटर्न चांगला चार-सहा दिवस उन्हा-वाऱ्यात सुकू दे. आतून ओला राहिलेला रंग स्टायरिन लागलं की सुरकुततो. मग साच्यांसाठीचं मेण. लाव, थांब, पुसून चमक आण, पुन्हा लाव. नव्या पॅटर्नला असे पाच-सहा हात दे आणि त्यावर पीव्हीएचा पातळ थर. मेण लावायचा कंटाळा आला की समज अजून दोन हात बाकी आहेत.

आता रेझिन आण.

बाजारात साधं जीपी रेझिन स्वस्त मिळतं. बोटी आणि पाण्याच्या टाक्या करणारे ते वापरतात. तू ते घेऊ नकोस, आयसो मागून घे. कारण उन्हाचं आहे. अमेरिकेत ॲरिझोनात २०१८मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचं तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअस भरलं. मे महिन्यात सोलापूरला किंवा नागपूरला दुपारभर उभी राहिलेली गाडी याहून थंड असेल असं मी धरणार नाही. जीपी रेझिनचा ताठपणा साधारण याच तापमानाच्या आसपास सुटायला लागतो, आयसो त्याहून बरंच वर टिकतं. घरच्या तापमानाला गोठवलेलं नेहमीचं इपॉक्सीही ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्याला नंतर उष्णता देऊन पक्कं करावं लागतं. डॅशबोर्ड गाडीतल्या सगळ्यात गरम जागी बसतो, काचेखाली, थेट उन्हात. रेझिन निवडताना दुकानदाराला भाव विचारण्याआधी ते किती अंशांपर्यंत ताठ राहतं हे विचार.

पॉलिएस्टरमध्ये दोन गोष्टी पडतात, कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट. कॅटॅलिस्ट म्हणजे एमईकेपी, पाण्यासारखं दिसणारं. बाळ, हे वाक्य दोनदा वाच: कोबाल्ट आणि एमईकेपी हे एकमेकांत कधीही थेट मिसळायचे नाहीत. जाळ होतो, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचा, त्यानंतरच कॅटॅलिस्ट. दोघांचं माप वेगळं, चमचा वेगळा, बाटल्या खोलीच्या दोन टोकांना. त्याहून चांगलं म्हणजे कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागायचं. ते मिळतं, आणि घरी काम करणाऱ्यानं तेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा बाजूनंही बंद असलेला हवा. उडालंच तर नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा. नाकाला सुती रुमाल बांधून काही होत नाही, स्टायरिनची वाफ त्यातून आरपार जाते. रसायनांच्या वाफेसाठीचं फिल्टर असलेला मास्क घे. काम पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर अंगणात कर, स्वयंपाकघरापासून लांब. देवघरातली समईसुद्धा जवळ नको, कारण स्टायरिन आणि ॲसिटोन दोन्ही पेट घेतात.

कॅटॅलिस्ट वजनाच्या एक ते दोन टक्के. शंभर ग्रॅम रेझिनला एक ते दोन ग्रॅम. लवकर गोठेल या भीतीनं पोरं अर्धा टक्का टाकतात. मग ते रेझिन धड गोठतच नाही. महिन्यानंही नख रुततं आणि गाडीत वास येत राहतो. वेळ हवा असेल तर कॅटॅलिस्ट कमी करायचा नाही, एका वेळी रेझिन कमी कालवायचं आणि ते पसरट भांड्यात घ्यायचं. खोल मगमध्ये कालवलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेनं तापतं. आधी कडेला दोऱ्यासारखं ओढलं जातं, मग पाहता पाहता मगमध्ये जेलीसारखं थरथरतं आणि त्यातून धूर येतो. दोरा दिसला की ब्रश बाहेर. त्यानंतरचा एक फटकाराही भागावर मारायचा नाही. उरलेला मग कचऱ्याच्या डब्यात टाकू नकोस, अंगणात वाळूवर ठेव आणि पूर्ण थंड होऊ दे.

इपॉक्सीचा कायदा याच्या उलट. तिथं हार्डनरचं प्रमाण ठरलेलं असतं, काट्यावर मोजून तेवढंच घालायचं. जास्त घालून लवकर गोठत नाही, नुसतं मऊ राहतं. आपल्याकडं बरीच वर्षं चालत आलेल्या एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१ या जोडीचं माप शंभराला दहा. आणि इपॉक्सी वापरायचं तर साधी तुकड्यांची मॅट घेऊ नकोस, विणलेलं कापड घे. मॅटमधले तंतू धरून ठेवणारा चिकटा स्टायरिननं विरघळावा असा केलेला असतो. इपॉक्सीत स्टायरिन नाही, मॅट ताठच्या ताठ राहते.

किती माल लागेल त्याचा हिशेब कागदावर मांड. उलगडलेला पृष्ठभाग एक चौरस मीटर धरू. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर म्हणजे ४५० ग्रॅम काच आणि साधारण एक मिलिमीटर जाडी. दोन थर म्हणजे ९०० ग्रॅम. मॅट स्वतःच्या दोन ते अडीच पट रेझिन पिते, म्हणजे सव्वादोन किलोपर्यंत. त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या जेलकोटला पाच-सहाशे ग्रॅम. सगळा डॅशबोर्ड पावणेचार किलोच्या घरात. साचा मात्र याच्या दुप्पट जाड हवा आणि तो एका दिवसात चढवायचा नाही. एकदम चार-पाच थर दिले की तापतो, आकसतो आणि वाकतो, आणि वाकड्या साच्यातून सरळ डॅशबोर्ड निघत नाही.

आधी पॅटर्नवर साचा, मग साच्यात डॅशबोर्ड, दोन्हीची रीत एकच. जेलकोट दोन हातांत लाव. पातळ राहिला तर वरच्या मॅटचं स्टायरिन त्याला गाठतं आणि तो मगरीच्या कातडीसारखा सुरकुततो. बोट लावून बघ. चिकट लागला पाहिजे पण बोटाला रंग येता कामा नये, त्या क्षणी पहिला थर द्यायचा. पहिल्या थराला जाड मॅट घेऊ नकोस, ३० ग्रॅमचा सरफेस टिश्यू घे, म्हणजे पुढं मॅटचे तंतू रंगातून उमटत नाहीत. मॅट कात्रीनं कापण्यापेक्षा हातानं फाड. फाटलेल्या कडेचे तंतू मोकळे असतात, दुसऱ्या तुकड्यात मिसळून जातात आणि जोडाची पायरी राहत नाही. आधी साच्याला रेझिन, मग मॅट, मग ब्रश. ब्रश ओढायचा नाही, टोकानं ठोकायचा. ओढला की मॅट गोळा होते. ठोकत गेलास की पांढरीशुभ्र मॅट हळूहळू राखाडी होते आणि मग एकदम दिसेनाशी होते, खालचा जेलकोट काचेतून पाहावा तसा दिसायला लागतो. जिथं पांढुरका ठिपका राहिला तिथं हवा आहे. रोलर फिरवून ती कडेला हाकल. ठिपका राहू देऊ नकोस, गोठल्यावर तो काढायला ग्राइंडर लागतो.

याच कारणानं मी तुला कार्बनच्या मागं लागू नको म्हणतो. कार्बनचं कापड भिजलं तरी काळं आणि कोरडं राहिलं तरी काळंच. हवा कुठं राहिली ते शिकणाऱ्याला दिसत नाही. कार्बन ताठ आहे, हलका आहे, हे सगळं मान्य. १९८१ साली मॅकलॅरेननं फॉर्म्युला वनमध्ये कार्बनची चासी आणली आणि शर्यतीच्या गाड्या कायमच्या बदलल्या. पण तो भाग दाबाखाली, भट्टीत भाजून झाला होता. अंगणात ब्रशनं लावलेल्या कार्बनला ती ताकद येत नाही, नुसता रुबाब येतो. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. उघडी वायर टेकली की शॉर्ट, आणि ओल असेल तर ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट त्याच्या संगतीनं गंजतो. काचतंतूला कमी लेखू नकोस. अमेरिकेत १९५३मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेटची अख्खी बॉडी त्याची होती. आपल्याकडं बंगळूरच्या सिपानी डॉल्फिनची होती आणि गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्म या देखण्या दोन सीटच्या गाडीचीही होती.

दिवस कुठला निवडायचा? आपल्या कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नकोस. मॅट दमट हवेतली ओल धरते, इपॉक्सीवर मेणचट साय येते. ती साय पाण्यानं धुतल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही. दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळचा गारठा गेल्यावर, सावलीत काम कर. थेट उन्हात रेझिन अंगावर येतं.

मॅटचे थर गोठले पण पुरते कडक झाले नाहीत, अशी एक वेळ येते. भाग कातड्यासारखा लागतो, नख दाबलं की खूण उमटते पण चिकटत नाही. त्या वेळी धारदार कटरनं साच्याच्या कडेबाहेरचं सगळं कापून टाक. तेव्हा ते सुरीनं सुटतं, दुसऱ्या दिवशी ग्राइंडर लागतो आणि घरभर काचेची धूळ होते. धुळीचं काम करावंच लागलं तर पाणी लावून कर, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाल आणि नंतर आधी गार पाण्यानं अंग धू. गरम पाण्यानं खाज वाढते. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नकोस.

मागच्या बाजूला फासळ्या हव्यात. पीयू फोमच्या पट्ट्या आडव्या-उभ्या ठेवून त्यांच्यावर मॅट चढव. दोन मिलिमीटरचा पत्रा जिथं लपलपतो तिथंच ही फासळी त्याला ताठ करते. बोल्टाच्या जागी, आधीच नट वेल्ड करून घेतलेली लोखंडाची छोटी पट्टी थरांच्या मधे पूर. फायबरमध्ये थेट स्क्रू पिळलास तर वर्षभरात भोक मोठं होऊन डॅशबोर्ड वाजायला लागतो. हे सगळं भाग साच्यात असतानाच.

आणि साच्यातून काढायची घाई करू नकोस. दोन-तीन दिवस राहू दे. नंतर साच्यासकटच त्याला उष्णता दे. प्लायवूडचं खोकं करून त्यात पिवळे बल्ब लावून, नाहीतर एप्रिलच्या उन्हात काळ्या प्लॅस्टिकखाली ठेवून. तापमान सावकाश वाढव, थर्मामीटर आत ठेव, बल्ब आणि प्लॅस्टिक एकमेकांना लागू देऊ नकोस, आणि खोकं सोडून कुठं जाऊ नकोस. उष्णतेनं राहिलेलं गोठणं पूर्ण होतं आणि भाग मऊ पडला तरी साच्यानं धरलेला असल्यामुळं आकार सोडत नाही. हीच उष्णता गाडीत पहिल्यांदा मिळाली तर तो काचेच्या बाजूला खाली बसेल. सोडवताना स्क्रूड्रायव्हर खुपसू नकोस. प्लॅस्टिकच्या पाचरी कडेनं घाल, फटीत पाणी सोड. पीव्हीए पाण्यात विरघळतो आणि कुठंतरी कट्कन आवाज होऊन भाग मोकळा होतो.

वरचा सपाट भाग रंगवून चकचकीत ठेवायचा मोह होईल. ठेवू नकोस. दुपारी त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि समोरून येणारी मोटारसायकल त्यात हरवते. वर चार-पाच मिलिमीटरचा फोम आणि गडद रंगाचं, न चमकणारं रेक्झिन लाव. डोकं आपटलंच तर नुसत्या फायबरपेक्षा तेवढा तरी आधार. चिकटवायला उष्णता सोसणारंच ॲडहेसिव्ह वापर, साधं मे महिन्यात सुटतं. खालच्या भागाला न चमकणारा रंग पुरे.

बसवताना आधी सगळे बोल्ट ढिले लाव, सगळे बसल्यावरच आवळ. भोकं थोडी लांबट ठेव. फायबर आणि बॉडीचा पत्रा उन्हात सारखे वाढत नाहीत, त्यांना सरकायला जागा हवी. जिथं फायबर पत्र्याला टेकतो तिथं नमद्याची पट्टी लाव. वायरींवर जाळीची नळी चढव, कापलेल्या कडेवर रबराचं चॅनेल बसव, कारण काचतंतूची कड वायरीचं कातडं सहज खाते. जादा मीटरला स्वतंत्र फ्यूज दे. मग राधानगरीच्या रस्त्यानं एक फेरी मार, रेडिओ बंद ठेवून, शेजारी कुणालातरी बसवून. आवाज कुठून येतो ते त्यानं हात लावून शोधावं, तू रस्ता बघ.

साचा मेण लावून, सपाट जागेवर उलटा ठेव. उभा टेकवलास तर महिन्याभरात पीळ खातो. आणि उरलेलं एमईकेपी त्याच्या मूळ बाटलीतच राहू दे, सावलीत, गार जागी, रंगांच्या आणि कोबाल्टच्या डब्यांपासून लांब, कुलुपात. घरात लहान मूल आहे.